खिशांतील गाणें आणि त्याची तबकडी

ॲपल कंपनीनें आयपॉड क्लासिक ह्या नांवाची आपली गाण्यांची पेटी २०१४ सालच्या सप्टेंबरांत बंद केली. त्यापूर्वीं तेरा वर्षें ह्या जातीचीं यंत्रें जगभर कोट्यवधि खिशांतून वाजत होतीं. २००७ च्या एप्रिलपर्यंतच त्यांची विक्री दहा कोटींवर गेली होती. आतां तीं बहुतेक कपाटांच्या खणांत पडून आहेत. एखाद्या दिवशीं कोणी कौतुकानें त्यांतलें एक काढतो, विजेला जोडतो, पडदा उजळतो, आणि पोटांतून 'टक्, टक्' असा आवाज येऊं लागतो. गाणें मात्र लागत नाहीं. तो आवाज आंतल्या तबकडीचा. अशा वेळीं यंत्र टाकून न देतां तें उघडावयाचें, फिरती तबकडी काढावयाची आणि तिच्या जागीं नखाएवढें मेमरी कार्ड बसवावयाचें, हा उद्योग गेल्या कांहीं वर्षांत जगांत ठिकठिकाणीं रुजला आहे. वरवर पाहतां हें घड्याळजीच्या जातीचें काम. परंतु त्याच्यामागें सव्वाशें वर्षांचा इतिहास आहे. आणि नागपूरजवळच्या कामठीसारख्या गांवीं, जेथें कडक ऊन आणि लष्कर हीं दोन्ही कायमचीं वस्तीला आहेत, त्या इतिहासाला निराळाच अर्थ येतो.

कामठी हें मुळांत छावणीचें गांव. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत इंग्रजांचें बस्तान बसलें, आणि १८२१ सालीं कन्हान नदीच्या कांठीं त्यांच्या फौजेची छावणी उभी राहिली. गांवाचें नांव 'कॅम्प टी' ह्या लष्करी खुणेवरून पडलें, अशी एक व्युत्पत्ति सांगतात. ती ऐकावयास सोपी आहे, एवढेंच तिच्याविषयीं म्हणतां येईल. फौज मद्रासची होती. तिच्यामागून तेलुगु आणि तमिळ बोलणारीं माणसें आलीं. विणकर मोमिनांची उर्दू आली. मराठी आणि हिंदी तर होत्याच. अशा बाजारांत चार-पांच भाषांचीं गाणीं एका सकाळींत कानांवर पडावयाचीं. आणि छावणीचा माणूस म्हटला म्हणजे बदलीचा माणूस. तो वळकटी बांधूं लागला कीं आपलें गाणें बरोबर कसें न्यावें, हा प्रश्न त्याला इतरांआधीं पडतो.

पूर्वीं गाणें न्यावयाचें तर गाणारा न्यावा लागे. १९०२ सालच्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेस्बर्ग कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजान हिचें गाणें मेणावर उतरून घेतलें. मेणाचे ते ठसे जर्मनींत हॅनोव्हर येथें जात, आणि तेथें तबकड्या छापून परत येत. त्या वेळच्या कित्येक तबकड्यांच्या अखेरीस गाणारी आपलें नांव इंग्रजींत मोठ्यानें सांगते. पुढच्या पिढीला त्याची गंमत वाटली, पण त्यांत हेतु होता. हॅनोव्हरच्या कारागिराला हिंदुस्थानी गाण्यांतलें अक्षरहि कळत नव्हतें. कोणत्या तबकडीवर कोणाच्या नांवाची चिठ्ठी चिकटवावयाची, हें त्याला आवाजांतूनच समजावें लागे. नांव गाण्याच्या पोटांतच ठेवलेलें होतें. ही गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

१९०८ पासून कलकत्त्यासच तबकड्या निघूं लागल्या. त्या लाखेच्या असत. लाखेंत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळलेली असे. ही लाख छोटा नागपूरच्या आणि मध्य प्रांताच्या जंगलांत पळस-कुसुंबाच्या झाडांवर किडे तयार करीत. भंडारा-गोंदियाकडचा पळस कामठीच्या माणसाला नवा नाहीं. शिमग्याच्या सुमारास तांबडाभडक फुलणारें तें झाड. त्याच्या फांदीवरच्या किड्यांनीं उस्तादांचे आवाज धरून ठेवले, हें मात्र फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-सवातीन मिनिटांचें गाणें मावे. तासभर एक राग आळवणारे गवई तेवढ्यांत सर्व मांडून मोकळे होत. बालगंधर्वांचीं पदें ह्याच मापांत घरोघरीं गेलीं. भांड्यानें गाण्याचें माप ठरवावें, हें संगीताला कमीपणाचें वाटेल, पण तसें झालें खरें.

१९१४ सालीं इंग्लंडांत डेक्का नांवाची, हातांत धरून नेण्याजोगी ग्रामोफोनची पेटी निघाली, आणि पहिल्या महायुद्धांत ती खंदकांपर्यंत जाऊन पोंचली. गाण्याला पाय फुटले ते असे सैनिकाच्या मागोमाग. मात्र लाखेची तबकडी हातांतून पडली कीं संपली, आणि पेटी जितकी हलकी तितका तबकड्यांचा गठ्ठा जड, ही अडचण पुढें चाळीस-पन्नास वर्षें तशीच राहिली.

ती दूर केली कॅसेटनें. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीनें ती १९६३ सालीं काढली. १९७९ च्या जुलैंत सोनी कंपनीचा वॉकमन निघाला आणि गाणें खिशांत आलें. कॅसेटचा थोर गुण निराळाच होता. ती घरीं भरतां येई. ग्रामोफोनच्या काळांत कोणाचें गाणें टिकावें हें कंपनी ठरवी. आतां तें कोणीहि ठरवूं लागला. नागपूरचें आकाशवाणी केंद्र १९४८ सालीं सुरू झालें. त्यावरून उतरलेलें एखादें गाणें, लग्नाच्या मांडवांतलीं बायकांचीं गाणीं, मंडळाचें भजन, कव्वालीची रात्र, हें सर्व त्या तपकिरी फितीवर जाऊन बसलें.

विदर्भांत ह्या फितीनें आणखी एक मोठें काम केलें. कामठीचे बाबू हरदास नगराळे (१९०४–१९३९) विडी कामगारांत काम करीत. 'जय भीम' हें अभिवादन रूढ करण्याचें श्रेय त्यांना दिलें जातें. १९५६ च्या ऑक्टोबरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं नागपुरांत धम्मदीक्षा घेतली आणि दिली. तेव्हांपासून दरवर्षीं दीक्षाभूमीवर लाखों माणसें जमतात. तेथें पुस्तकांच्या दुकानांशेजारीं गाण्यांचीं दुकानें लागतात. वामनदादा कर्डक यांचीं गीतें, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे आवाज कॅसेटच्या द्वारें झोपडीझोपडींत गेले. विठ्ठल उमप यांचा अंत तर २०१० च्या नोव्हेंबरांत नागपुरांतच, कार्यक्रमाच्या मंचावर कोसळून झाला. अशा नामवंतांचे आवाज कोणी ना कोणी जपून ठेवतो. परंतु त्यांच्यामागें गांवोगांवचीं गायन पथकें होतीं, चार-दोन कॅसेटा काढून बंद पडलेल्या लहान कंपन्या होत्या, आणि ज्यांची दुसरी प्रतच निघाली नाहीं अशा घरगुती फिती होत्या. त्यांच्यावर काय आहे हें डबींतल्या कागदाच्या चिठ्ठीवर बॉलपेननें लिहिलेलें असे. चिठ्ठी गेली कीं नांव गेलें.

ह्यापुढें गाणें आकड्यांत उतरलें. जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेंत कार्लहाइंत्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनीं जी युक्ति सिद्ध केली तिला १९९५ पासून एमपी३ म्हणतात. कानाला जें ऐकूंच येणार नाहीं तें गाळावयाचें, हें तिचें सूत्र. त्यानें गाणें दहा-अकरा पटींनीं लहान होतें. तथापि १९९८ सालीं निघालेल्या खिशांतल्या पहिल्या यंत्रांत ३२ मेगाबाईट एवढीच जागा होती. तींत आठ-दहा गाणीं मावत, म्हणजे तासाभराच्या कॅसेटहूनहि कमी. विद्या पुढें गेली आणि पेटी मागें आली, अशी ती विचित्र स्थिति होती.

फिरत्या चुंबकीय तबकडीवर आकडे ठेवण्याची कला त्या मानानें जुनी. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें रॅमॅक नांवाचें यंत्र काढलें. त्यांत चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक फिरत. वजन टनाहून अधिक. आणि सर्वांवर मिळून मावत तीं पन्नास लाख अक्षरें. आजच्या हिशेबानें एक गाणें! टनभर लोखंडांतलें हें एक गाणें खिशांत येण्यास पंचेचाळीस वर्षें लागलीं. त्यांतली एक मोठी पायरी १९८८ सालची: फ्रान्सचे आल्बेर फेर आणि जर्मनीचे पीटर ग्रूनबर्ग यांनीं धातूंच्या अतिशय पातळ थरांत असा एक गुण शोधून काढला कीं त्यामुळें अगदीं क्षीण चुंबकीय खूणहि वाचतां येऊं लागली. पुढें २००७ सालीं त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. खूण जितकी लहान तितकी ती एका तबकडीवर अधिक मावते, आणि तबकडी तितकी लहान करतां येते.

२००१ च्या फेब्रुवारींत ॲपलचे जॉन रुबिनस्टाइन जपानांत तोशिबा कंपनीकडे गेले होते. तेथल्या लोकांनीं त्यांना १.८ इंची एक नवी तबकडी दाखविली. तिच्यांत पांच गिगाबाईट मावत होते. परंतु तिचा उपयोग कशांत करावयाचा, हें तिच्या कर्त्यांनाच नीटसें उमगलें नव्हतें. रुबिनस्टाइन यांना तें तत्काळ उमगलें. त्याच वर्षीं २३ ऑक्टोबरला आयपॉड जगापुढें आला: वजन १८५ ग्रॅम, गाणीं एक हजार.

फिरती तबकडी खिशांत घालणें म्हणजे कांचेचें भांडें घेऊन बैलगाडींत बसणें. म्हणून कर्त्यांनीं एक तोड काढली. तबकडीजवळ ३२ मेगाबाईटची, न फिरणारी विजेची स्मृति ठेवली. तबकडी मिनिटाला ४,२०० फेऱ्या घेऊन जागी होई, वीसेक मिनिटांचीं गाणीं एकदम त्या स्मृतींत ओती, आणि निजून जाई. चालणाऱ्याच्या खिशांत ती बहुतेक वेळ निजलेलीच असे. यंत्र हातांत घेतलें असतां मधूनच बारीक थरथर जाणवे. तें तिचें जागें होणें. जागेपणीं तबकडी वाचणारें टोक तिला टेंकत नाहीं. ग्रामोफोनची सुई तबकडीला घासून चाले. येथें घासणें म्हणजे नाश. तबकडीच्या वेगानें जी हवा ओढली जाते तिच्या गादीवर टोक तरंगतें, आणि मधलें अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनहि कमी असतें.

ह्या यंत्राबरोबर येणाऱ्या कागदांत ॲपलनें तीन अटी छापल्या होत्या. चालवावयाचें तें शून्य ते ३५ अंश सेल्सिअसांत. बंद ठेवावयाचें तेंहि उणें २० ते ४५ अंशांच्या दरम्यान. आणि दहा हजार फुटांहून, म्हणजे सुमारें ३,००० मीटरांहून, अधिक उंचीवर चालवावयाचें नाहीं. ह्या अटी लिहितांना कॅलिफोर्नियांतल्या कोणाच्या मनांत कामठी असणें शक्य नव्हतें. पण त्या अगदीं कामठीला धरून लिहिल्यासारख्या आहेत. मे महिन्यांत नागपूरकडे पारा पंचेचाळिसांच्या पलीकडे जातो, ह्याचें तेथें कोणाला नवल नाहीं. म्हणजे भर उन्हाळ्यांत तें यंत्र चालविणें तर राहोच, पत्र्याच्या छपराखालीं नुसतें ठेवणेंहि कंपनीच्या मर्यादेबाहेरचें.

उंचीची अट मैदानांतल्या माणसाला विनोदी वाटेल. परंतु कामठींत ब्रिगेड ऑफ द गार्ड्स ह्या पलटणीचें केंद्र आहे. १९४९ सालीं जनरल करिअप्पा यांच्या पुढाकारानें उभारलेल्या ह्या पलटणीचे जवान येथें शिकून देशाच्या दूरदूरच्या सीमांवर जातात. लेह शहरच मुळीं समुद्रसपाटीपासून सुमारें ३,५०० मीटरांवर आहे. पुढच्या चौक्या त्याहून किती तरी वर. तेथें हवा विरळ. हवा विरळ झाली कीं टोकाखालची गादी पातळ होते, आणि टोक तबकडीवर आपटण्याचें भय उत्पन्न होतें. डेक्काची पेटी खंदकांत वाजली. तिच्या ह्या नातवाला डोंगर चढण्याची मनाई होती. उन्हाळ्यांतली कामठी आणि बाराहि महिन्यांचें लेह, दोन्ही ठिकाणीं तो कंपनीच्या दृष्टीनें बेकायदा रहिवासी ठरला.

तबकडीला पर्याय होता, आणि तो तोशिबाच्याच घरांत जन्मला होता. तेथील फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं विजेचा भार कोंडून ठेवणारी एक नवी स्मृति जगापुढें मांडली. तींतला मजकूर एका झटक्यांत पुसला जाई. तें पाहून एका सहकाऱ्याला छायाचित्र काढतांनाच्या झगमगाटाची आठवण झाली, आणि तिचें नांव फ्लॅश पडलें. तिच्यांत फिरणारें, तरंगणारें असें कांहींच नाहीं. त्यामुळें तिला उंचीचें भय नाहीं. प्रारंभीं ती महाग होती म्हणून तबकडीचें राज्य चाललें. २००४ सालच्या आयपॉड मिनींत एक इंची तबकडी होती. तशाच तबकडीचें दुसऱ्या कंपनीचें एक यंत्र तर लोक ती बाहेर काढून कॅमेऱ्यांत घालण्यासाठींच विकत घेत, कारण सुटी तबकडी यंत्राहून महाग पडे. पुढें फ्लॅश स्वस्त झाली. २००५ च्या आयपॉड नॅनोंत ती आली, आणि तेथून फिरत्या तबकडीचे दिवस भरत आले. मिनीच्या तबकडीची जोडणी तर मूळची कॅमेऱ्याच्या कार्डाचीच होती. मग त्याच जागीं खरेंच कार्ड घालून पाहावयाचें कोणाला सुचलें नसतें तरच नवल.

तबकडीचें मरण मात्र एकाएकीं येत नाहीं. प्रथम एखादें गाणें मध्येंच तुटतें. मग यंत्र अडखळतें. मग ती 'टक्, टक्' सुरू होते. टोक आपली जागा शोधतें, सांपडत नाहीं, परत मागें जातें, पुन्हां शोधतें. नवें यंत्र घेणारा अशा वेळीं जुनें फेंकून देतो. दुरुस्तीची हौस असणारा लगेच हत्यारें काढतो. दोघेहि चुकतात. प्रथम काढावयाचीं तीं हत्यारें नव्हत, गाणीं.

ह्याचें कारण त्या यंत्राच्या स्वभावांत आहे. संगणकांतून यंत्रांत गाणें जाई. पण घरीं भरलेलें गाणें यंत्रांतून संगणकांत परत आणण्याची वाट कंपनीनें ठेवली नव्हती. चोरीची गाणीं एका खिशांतून दुसऱ्या खिशांत जाऊं नयेत, हा त्यांतला उद्देश. तो योग्य असो वा नसो, परिणाम निराळाच झाला. ज्या संगणकावर आजोबांच्या कॅसेटा उतरविल्या तो दहा वर्षांत भंगारांत गेला. कॅसेटा बुरशीनें गेल्या. आणि जगांतली एकमेव प्रत त्या 'टक् टक्' करणाऱ्या डबींत उरली. यंत्र नव्या संगणकाला जोडावें, तर आंतलें सर्व पुसून नवें भरूं का, अशी विचारणा होते. घाईंत 'हो' म्हटलें कीं संपलें. नवें कार्ड बसविल्यावर तर यंत्र कोरेंच करावें लागतें.

म्हणून तबकडी जोंवर थोडीफार बोलते आहे तोंवर तिला संगणकाला नुसत्या साठ्यासारखी जोडून, लपविलेले खण उघडून, सर्व गाणीं उचलून घ्यावयाचीं. हें काम करणारीं सॉफ्टवेअरें मिळतात. पण खण उघडतांच माणूस थबकतो. ॲपलच्या यंत्रांत गाणीं आपल्या नांवानें राहत नसत. आंत शिरतांना प्रत्येकाचें नांव उतरवून त्याला चार अक्षरांचें अर्थहीन नांव दिलें जाई, आणि एफ००, एफ०१ अशा क्रमांकांच्या खणांत तीं विखुरलीं जात. कोणतें गाणें कोणत्या खणांत, ह्याची यादी निराळी असे. ती यादी तबकडीच्या खराब झालेल्या भागावर असली तर सगळाच कारभार बेनामी. दुकानांतून घेतलेल्या गाण्याच्या पोटांत गायकाचें, चित्रपटाचें नांव लिहिलेलें असतें, तेव्हां त्याची ओळख पुन्हां पटते. घरच्या कॅसेटवरून उतरलेल्या गाण्याच्या पोटांत 'ट्रॅक ०१' एवढेंच असावयाचें. गौहरजानच्या तबकडीवर नांव आवाजांत होतें. लाखेच्या जुन्या तबकड्यांवर क्रमांक असत. त्यांवरून माग काढणारे संग्राहक आहेत, मुंबईंत १९९० सालीं त्यांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्थाहि स्थापन झाली. मांडवांतल्या गाण्याला ना नांव, ना क्रमांक.

गाणीं निघालीं कीं मग शस्त्रक्रिया. ह्या यंत्राला बाहेरून एकहि स्क्रू दिसत नाहीं. उघडावें असें त्याच्या कर्त्यांच्या मनांतच नव्हतें. पुढची बाजू आणि पाठीचा पोलादी पत्रा यांच्या फटींत प्लॅस्टिकची पातळ पात सरकवीत कडेकडेनें आंतल्या खुंट्या सोडवाव्या लागतात. पोलादी पात वापरली तर पाठीला कायमचा पोंचा येतो. २००५ सालच्या यंत्राची पाठ एकदम ओढून मोकळी करूं नये; तिच्यापासून आंतल्या फळीपर्यंत दोन चपट्या पट्ट्या गेलेल्या असतात, एक बॅटरीची आणि एक कानांतल्या तारेच्या छिद्राची. उत्साही माणूस ह्या दोहोंपैकीं एक फाडतो. तबकडी रबराच्या गादींत बसलेली असते. तिची जोडपट्टी एका नाजूक खटक्याखालीं धरलेली. तो नखानें उचलला कीं पट्टी सुटते. तिच्या जागीं ॲडॉप्टरची चिमुकली फळी लावावयाची आणि तिच्यावर कार्ड. यंत्राला वाटतें, आपली तबकडीच आहे. ह्या फसवणुकीवरच सगळा खेळ चालतो. तबकडी जाऊन जी जागा रिकामी होते तींत कित्येकजण मोठी बॅटरी बसवितात.

लोभ मात्र आवरावा लागतो. अडीचशें गिगाबाईटचें कार्ड घातलें म्हणून तितकीं गाणीं चालतीलच असें नाहीं. गाण्यांची यादी यंत्राच्या त्या लहानशा चालू स्मृतींत मावावी लागते. ३० गिगाबाईटच्या यंत्रांत ही स्मृति ३२ मेगाबाईट, मोठ्यांत ६४. यादी फुगली कीं यंत्र अडतें, मग कार्ड अर्धें रिकामें असेना कां. दुसरा धोका बाजारांतला. स्वस्त म्हणून घेतलेलें कार्ड पुष्कळदां तोतया निघतें. वर लिहिलेलें असतें १२८, आंत असतात आठ. तें भरतांना तक्रार करीत नाहीं. जागा संपली कीं मुकाट्यानें नवें जुन्यावर लिहीत जातें, आणि यादी पुरी दिसत असतां गाणीं गेलेलीं असतात. म्हणून कार्ड आधीं शेवटपर्यंत भरून, परत वाचून पाहावें. ह्याला रात्रभर लागते. ती रात्र द्यावी.

आणि अस्सल कार्ड तरी अमर थोडेंच आहे! एसडी कार्ड ८५ अंशांपर्यंत काम करण्यासाठीं बनविलेलें असतें. कामठीचा मे त्याला कांहीं करूं शकत नाहीं, लेहची विरळ हवाहि नाहीं. परंतु कोंडलेला भार वर्षानुवर्षें वीज न लावतां पडून राहिला तर झिरपत जातो, आणि उष्णतेंत अधिक लवकर झिरपतो. शिवाय यंत्राची बॅटरी जुन्याच अटींची बांधलेली राहते. ती उन्हांत फुगते. तबकडी मरण्यापूर्वीं टकटक करून सूचना तरी देत असे. कार्ड काल होतें आणि आज नाहीं, असें जातें. तेव्हां काढलेलीं गाणीं निदान आणखी दोन ठिकाणीं ठेवावयास हवीं, त्यांतलें एक घराबाहेर. हें सर्व करण्यापेक्षां फोनवर गाणीं ऐकावींत, असें कोणी म्हणेल. जें विकलें जातें तें फोनवर मिळतेंच. जें कधीं विकलेंच गेलें नाहीं, त्याचें काय?

कामठींत अशी एखादी पेटी नव्या कार्डानें पुन्हां बोलूं लागली, म्हणजे काम दुरुस्ती करणाऱ्या मुलाच्या हातून निघून घरांतल्या सर्वांत वडील माणसाकडे जातें. चार अक्षरांचीं तीं अर्थहीन नांवें एकेक करून वाजवावीं लागतात. ढोलकीच्या दुसऱ्याच ठोक्याला आजी म्हणते, 'ही आमच्या आळींतली बाई, हिचा नवरा विडीच्या कारखान्यांत होता.' पुढच्या गाण्यांत आवाजामागें कोणाचें तरी मूल रडत असतें. त्या रडण्यावरून लग्नाचें वर्ष ठरतें. तिसरें गाणें तेलुगु निघतें आणि तें कोणालाच ओळखूं येत नाहीं. तेव्हां तें शेजाऱ्यांना ऐकविण्यासाठीं बाजूला ठेवतात. मुलगा नांव टंकतो, आजी तें पुन्हां मोठ्यानें वाचून घेते, आणि मग चौथें लावतात.